बस्त्यांवच्या घरचं अर्थिंग

बस्त्यांव रॉड्रिग्जने बोलावलं ते पंखा बसवायला नव्हे.
उभादांड्याच्या वळणावर, बर्फाच्या कारखान्याला चिकटून घर.
एकवीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढून
माणूस आता खुर्चीत बसून गाणं ऐकतो,
गाणं म्हणजे काय, तर एक व्हायोलिन. शब्द नाहीत.

"ही बघ," म्हणाला, आणि खोक्यातून वायर काढली,
धामणीएवढी जाड, वर निळं विणकाम,
दोन्ही टोकांना सोन्याचं पाणी.
किंमत त्याने हळू सांगितली, फिलू माजघरात होती म्हणून.
फिलूला ती माहीत होती.

मी तीस वर्षं या गावाला वीज जोडतोय.
खांबावरचे चिनीमातीचे कप खाऱ्या वाऱ्याने कसे माखतात,
रात्री त्यांच्यावर निळी ठिणगी कशी फुरफुरते, मला विचारा.
तिथून अॅल्युमिनियमची तार, उंडीच्या फांद्यांना घासत,
मग मीटर, मग त्याच्या बापाने लाकडी पट्टीवर ओढलेली वायर,
आणि शेवटचा दीड मीटर
सोनं.
"बस्त्यांव," मी म्हटलं, "न्हंय आखी गढूळ, नि तू तांब्यो घासतंस."

तो हसला नाही.
"ह्या तबकडीत एक जागा आसा.
गज तारेर टेकच्या आदी तो श्वास घेता.
बोटीर, फुटक्या हेडफोनात, माका तो आयकूक येय.
हंयसर येणा नाय."

मग फिलूने परीक्षा घेतली.
तो भिंतीकडे तोंड करून, ती मागे,
कधी नवी वायर, कधी जुन्या रेडिओची.
दहापैकी पाच बरोबर.
"नाणा उडवून पण पाचच येतत," म्हणाली
आणि सुंगटं सोलायला गेली.

भुंगा मात्र खरा होता.
कारखान्याचा कंप्रेसर लागला की दिवा मान टाकायचा
आणि स्पीकरच्या पोटात घूं सुरू.
मी वायरीच्या नादी लागलो नाही, परसात गेलो.
माडाच्या आळ्यापलीकडे अर्थिंगचा खड्डा,
जांभा तापून तव्यासारखा, आत थेंबभर ओल नाही,
तांब्याची पट्टी हिरवी पडून तुटलेली.
नवी पट्टी, दहा किलो कोळसा, दहा किलो जाडं मीठ,
वर चार कळश्या पाणी.
भुंगा गप्प.

खोलीचं काम माझं नाही, ते वादळाचं.
भाचा आग्नेल, मांगराचे पत्रे उडाले म्हणून
आपली जाळी इथे टाकून गेला.
उघड्या चिऱ्याच्या भिंतींवर तोवर आवाज
कॅरमच्या सोंगटीसारखा आपटत फिरायचा.
दोन कोपऱ्यांत छातीएवढे ढीग पडले
आणि व्हायोलिन एका जागी उभं राहिलं.
सुक्या बांगड्याचा वास, तीन मांजरं,
मध्ये कुणीतरी गज घेऊन.
स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले,
फिलूला आता कपाटाकडे तिरकं जावं लागतं.

"श्वास इलो काय बोट वर कर," बस्त्यांव म्हणाला.
"मी पण करतंय."

तबकडी फिरली. कारखान्याला सुट्टी,
ओहोटी लांब गेलेली.
आला.
नाकाने घेतलेला, थोडा सर्दीचा.
मी बोट वर केलं.
त्याचंही वर आलं, किंचित मागाहून.
त्याचे डोळे मिटलेले नव्हते,
माझ्या हातावर होते.

"वायर ठेवूया मां?" त्याने विचारलं.

बिलात मी लिहिलं, पट्टी, कोळसा, मीठ, मजुरी.
नवी वायर प्लगमध्ये जरा सैल होती,
तिचा स्क्रू पिळला.
त्याचे पैसे लावले नाहीत.